आवाज मोठा नको, शब्द हवेत



या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, प्रॉव्हिडंट फंड, विहाराचा जमाखर्च असे विषय घेतो. आज विषय एका जुन्या यंत्राचा आहे. वेंगुर्ल्यात आमच्या वाडीतील एका काकांनी पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने जोडलेला व्हॉल्व्हचा स्टिरिओ अँप्लिफायर यंदा जयंतीच्या आधी आम्ही काही जणांनी मिळून दुरुस्त केला. नुसता दुरुस्त नव्हे, पूर्वीपेक्षा बरा केला. या कामात जे शिकायला मिळाले ते अँप्लिफायरपुरतेच नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

काका मुंबईला गोदीत वायरमन होते. शिक्षण सातवीपर्यंत. राहायला वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. पगाराच्या दिवशी इतर लोक मटण आणीत, काका ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जात आणि खिशातून दोन कंडेन्सर नाहीतर एक व्हॉल्व्ह घेऊन येत. या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी रेडिओवाल्यांच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच. चेसिसचा पत्रा त्यांनी स्वतः कापला, भोके स्वतः पाडली, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या कारागिराकडून करून घेतले. आकृती होती मुलार्ड कंपनीच्या प्रसिद्ध ‘पाच-दहा’ नमुन्याची. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून ‘पाच-दहा’. ही आकृती इंग्लंडात १९५४ साली निघाली आणि जगभरच्या हौशी कारागिरांनी ती पाहून अँप्लिफायर जोडले. काकांनी तीच आकृती दोन बाजूंसाठी दोनदा जोडली आणि स्टिरिओ केला. १९७४ साली तो पहिल्यांदा बोलला.

काकांना हा नाद कशामुळे लागला, ते त्यांनीच आम्हांला सांगितले होते. त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत नाटक असे, भजन असे. आपल्या लोकांनी लांब, शेताच्या बांधाच्या पलीकडे उभे राहायचे. दिसायचे काही नाही, ऐकू यायचे अर्धेमुर्धे. मग एका वर्षी जत्रेत लाउडस्पीकर आला आणि बांधापलीकडे पहिल्यांदा सगळे शब्द ऐकू आले. काका म्हणत, “माणसांनी मला लांब ठेवले, पण त्या भोंग्याला शिवाशिव कळत नव्हती.” तेव्हापासून आवाज लांब पोचवणारे हे यंत्र आतून कसे असते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

व्हॉल्व्ह म्हणजे काय

आजच्या मुलांनी व्हॉल्व्ह पाहिलेला नसतो, म्हणून दोन शब्दांत सांगतो. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्ये एक तार तापून लाल होते आणि तापलेल्या भागातून विजेचे कण सुटतात. ते समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये जाळी असते. पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी जरा वर-खाली केली की पाटाचे सगळे पाणी कमी-जास्त होते, तसे जाळीवरच्या किंचित दाबाने पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. लहान आवाजाचा मोठा आवाज होतो तो असा. दोन टोकांचा व्हॉल्व्ह फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला, त्यात जाळी घालण्याची युक्ती ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली काढली. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६० च्या दशकापासून व्हॉल्व्ह बनत. काकांच्या पेटीतले बरेचसे व्हॉल्व्ह त्याच छापाचे आहेत.

निवृत्तीनंतर काका गावी आले आणि अँप्लिफायर त्यांच्याबरोबर आला. त्यावर वामनदादांची गाणी लागत, प्रल्हाद शिंद्यांची लागत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आलेला प्रत्येक जण काकांसाठी कॅसेट आणी. सात वर्षांपूर्वी काका गेले. पुढे काकींनी अँप्लिफायर लावणे हळूहळू सोडून दिले. आम्ही एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, “आवाज येता रे, पन शब्द काय कळनत नाय.”

आम्हांला वाटले, काकींचे वय ब्याऐंशी, कान गेले असतील. ते अर्धेच खरे होते.

जो शॉक बसला

गेल्या पावसाळ्यानंतर काकींच्या नातवाने अँप्लिफायर उघडला. मुलगा आयटीआय झालेला, हुशार, पण अजून कामाला न लागलेला. त्याने शिस्तीत प्लग काढला, मग तळाचा पत्रा काढला आणि आत बोट लावले. प्लग काढलेला असताना त्याला असा शॉक बसला की तो भिंतीवर जाऊन आदळला. त्याच्या आईने घर डोक्यावर घेतले. “ह्यां आधी भंगारात घाला! माझो झील आज गेलो आसतो!”

तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केली तरी मोठे कंडेन्सर तो दाब धरून ठेवतात. म्हणून वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ज्याला याची माहिती नाही त्याने असे यंत्र उघडू नये. ज्याला उघडायचे आहे त्याने प्लग काढून, काही हजार ओहमचा जाड रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या तारेने कंडेन्सरच्या दोन टोकांना थोडा वेळ लावून ठेवावा, मग मल्टिमीटरने मोजावे आणि दाब शून्याजवळ आल्याखेरीज आत हात घालू नये. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे वीज छातीतून जाण्याची वाट कमी होते. हे जुन्या मेकॅनिकांचे नियम आहेत.

घरातले म्हणत होते भंगार. गोव्याकडचा एक जुन्या वस्तू घेणारा माणूस चांगली किंमत द्यायला तयार होता. काकी काहीच बोलत नव्हत्या. नातू आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही हिशोबाचे माणूस. हा ठेवण्यात फायदा की विकण्यात?” आम्ही म्हटले, आधी यादी करू. यादी केल्याशिवाय हिशोब होत नाही.

यादी

कुडाळचे एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक आम्हांला या कामात मार्गदर्शन करायला तयार झाले. त्यांनी पहिल्या दिवशी सोल्डरिंग गन हातात घेऊच दिली नाही. म्हणाले, आधी मोजा आणि वहीत लिहा. यादी झाली ती अशी.

पहिले काम सुरक्षिततेचे. जुनी वायर दोन तारांची होती, अर्थिंग नव्हतेच. तीन तारांची वायर घातली, तिसरी तार चेसिसच्या पत्र्याला घट्ट बोल्टने जोडली, फ्यूज बसवला. मोठ्या कंडेन्सरच्या दोन टोकांना दोन लाख वीस हजार ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा जोडला. आता यंत्र बंद केल्यावर दीड-दोन मिनिटांत कंडेन्सर आपोआप रिकामा होतो. या रेझिस्टन्सला चहाच्या कपाइतकीही किंमत पडत नाही. तो आधी असता तर नातवाला शॉक बसलाच नसता.

पण तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे. घरच्या अर्थिंगचा खड्डा पाहिला तर कोरडा ठणठणीत. आपल्याकडचा जांभा दगड उन्हाळ्यात पाणी धरत नाही. खड्डा पुन्हा कोळसा-मीठ घालून भरला आणि पाणी सोडण्याची सोय केली. आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत आता झटका बसताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे स्विच असतात. ते जरूर बसवावेत, पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या तीनशे व्होल्टपासून ते वाचवत नाहीत. तिथे आपली सावधगिरीच कामाची.

दुसरे काम ‘घूं’ आवाजाचे. गाण्यामागे सतत भुंगा असावा तसा आवाज येई. मेकॅनिक म्हणाले, पॉवरचे कंडेन्सर आतून सुकले आहेत. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा बदलते. ती सरळ करताना शंभर वेळा लाटा येतात. त्या लाटा गिळण्याचे काम या कंडेन्सरचे. एका दुकानदाराने सल्ला दिला, “जेवढा मोठा तेवढा चांगला, दोनशे वीस मायक्रोफॅरडचा टाका.” आम्ही टाकणारही होतो. मेकॅनिकांनी थांबवले. काकांच्या यंत्रात वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह आहे जीझेड-३४. त्याच्या लगेच पुढे साठ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर चालत नाही, चालू करताना व्हॉल्व्हवर इतका ताण येतो की तो मरतो. म्हणून पहिला सत्तेचाळीसचा आणि त्यापुढच्या टप्प्यावर शंभरचा घातला. भुंगा गेला. मोठे ते सगळेच चांगले नसते, हे आम्ही तिथे पहिल्यांदा शिकलो. दुसऱ्यांदा शिकलो ते जयंतीच्या सभेत, ते पुढे येईल.

तिसरे काम खरे महत्त्वाचे ठरले. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज नेणारे छोटे कंडेन्सर असतात. त्यांनी आवाज जाऊ द्यायचा आणि मागचा दाब अडवायचा. काकांच्या वेळचे कागदाचे कंडेन्सर आमच्या किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत पन्नास पावसाळे काढून गळू लागले होते. शेवटच्या ईएल-८४ व्हॉल्व्हच्या जाळीवर दाब जवळजवळ शून्य हवा, डाव्या बाजूच्या एकावर चार व्होल्ट निघाला. इथे आम्ही वाणिज्य शाखेचे असूनही उपयोगी पडलो. व्हॉल्व्हच्या खाली २७० ओहमचा रेझिस्टन्स, त्यावर दाब १३ व्होल्ट. तेराला २७० ने भागले की ०.०४८ अँपिअर. व्हॉल्व्हवर दाब ३०० व्होल्ट. गुणाकार १४.४ वॅट. या व्हॉल्व्हची सहनशक्ती १२ वॅट. म्हणजे बिचारा रोज कुवतीपेक्षा जास्त ओझे वाहत होता. कंडेन्सर बदलून ६३० व्होल्टचे प्लास्टिक फिल्मचे घातले. पुन्हा मोजले, साडेदहा व्होल्ट. हिशोब ११.७ वॅट. बसला मर्यादेत, जेमतेम. डाव्या बाजूचा आवाज चिरका येत होता तो या गळतीमुळे. काकींचे कान दोषी ठरले होते, दोष कंडेन्सरचा होता.

चौथे काम स्वच्छतेचे. व्हॉल्व्हच्या सॉकेटांना हिरवा गंज, आवाज कमी-जास्त करायच्या बटणात खरखर. सॉकेट साफ केले, दोन बदलले, बटण नवे घातले. किंमत वाढलेले जुने कार्बन रेझिस्टन्स मोजून तेवढेच बदलले. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ईएल-८४ ची न वापरलेली जोडी मिळाली, तिने दमलेल्या जोडीची जागा घेतली. आज असे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात आणि स्वस्त नसतात. काकांच्या काटकसरीने आमचा तो खर्च वाचवला.

पाचवे, न करायचे काम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलावा असा एकाचा आग्रह होता. आम्ही हात लावला नाही. व्हॉल्व्हच्या जोडीला सुमारे ८००० ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो ८ ओहमचा. मधले हजार पटींचे अंतर तो ट्रान्सफॉर्मर जुळवतो, त्यासाठी वेढ्यांचे प्रमाण साधारण ३२ ला १ लागते. काकांनी करून घेतलेला ट्रान्सफॉर्मर मोजून पाहिला, तो ठणठणीत निघाला. ज्या कारागिराने तो गुंडाळला त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. पण पन्नास वर्षे त्याचे काम टिकले आहे. सुधारणा करायची म्हणजे जुने सगळे उपटायचे असे नसते. स्पीकर जोडलेला नसताना असा अँप्लिफायर मोठ्या आवाजात चालवू नये, नाहीतर हाच ट्रान्सफॉर्मर जळतो, हेही लक्षात ठेवावे.

सगळा खर्च, व्हॉल्व्ह सोडून, दोन हजारांच्या आत बसला.

काकींची परीक्षा

आता प्रश्न असा की आवाज खरोखर सुधारला की आम्हांला तसे वाटते? आपण पैसे आणि मेहनत घातली की मनाला बरे वाटतेच. तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण विहारात दर वर्षी ऐकतो. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग अँप्लिफायरला वेगळा न्याय का?

नातवाने एकमेकांशी संबंध नसलेले वीस-वीस शब्द फोनवर आपल्या आवाजात आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते, दर वेळी नवे वीस. काकींना यंत्राकडे पाठ करून बसवले. शब्द ऐकून त्यांनी म्हणायचा, आम्ही वहीत खूण करायची. दुरुस्तीच्या आधी ही परीक्षा घेतली तेव्हा वीसपैकी अकरा शब्द बरोबर आले. दुरुस्तीनंतर सतरा. एका मित्राने सोन्याचा मुलामा असलेल्या टोकांची महागडी वायर आणून दिली होती, तिच्यावर शेकडो रुपयांची चिठ्ठी होती. ती लावून पुन्हा परीक्षा, पुन्हा सतरा. वायर मित्राला परत केली. मग मेकॅनिकांनी जमिनीवर ठेवलेले स्पीकर दोन स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवून काकींकडे वळवायला सांगितले. एकोणीस! या सुधारणेचा खर्च शून्य.

ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. पण कारण समजण्यासारखे आहे. क, च, ट, स, श ही व्यंजने ओळखू येतात ती बऱ्याच अंशी दोन हजार ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात. वय झाले की वरच्या पट्टीचे ऐकू येणे आधी कमी होते. त्यात यंत्रानेच आवाज फाडला, स्पीकरचे तोंड टेबलाच्या पायांकडे असले, तर स्वर तेवढे पोचतात आणि व्यंजने वाटेत गळतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. काकी हेच सांगत होत्या आणि आम्ही म्हातारपण म्हणून सोडून देत होतो.

एक निराशाही सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाबासाहेबांच्या आवाजाची एक जुनी कॅसेट आहे, कॉपीवरून कॉपी केलेली. ती लावली तेव्हा आशा होती की आता लख्ख ऐकू येईल. नाही आले. जे रेकॉर्डिंगमध्येच उरलेले नाही ते कोणताही अँप्लिफायर परत आणू शकत नाही. ज्यांच्या घरी जुन्या सभांच्या, जलशांच्या, आपल्या शाहिरांच्या कॅसेट आहेत त्यांनी त्या बुरशी लागण्याआधी नीट उतरवून घ्याव्यात, ही विनंती.

उलटी जोडलेली तार

काकांच्या वहीत १९७४ ची एक नोंद सापडली. पहिल्या रात्री अँप्लिफायर चालू करताच तो किंचाळू लागला आणि अर्धी चाळ जागी झाली. काकांनी खाली लिहिले आहे: ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा अदलाबदल केल्या, गप्प झाला.

याचे कारण आम्हांला मेकॅनिकांनी समजावले आणि ते आम्हांला फार मोलाचे वाटले. चांगल्या अँप्लिफायरमध्ये बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडासा भाग परत सुरुवातीला आणून उलट्या दिशेने जोडतात. आत काय आले आणि बाहेर काय गेले याची सतत तुलना होते आणि जी चूक झाली ती तिथल्या तिथे कमी होते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनियरला ही युक्ती १९२७ साली सुचली, तीही कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत, आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. त्यात आवाजाचा जोर थोडा कमी होतो, पण स्वच्छपणा वाढतो. तीच तार चुकून सरळ दिशेने जोडली तर यंत्र स्वतःच्याच आवाजाला “वा, वा” म्हणत तो वाढवत नेते आणि शेवटी नुसते किंचाळते.

बंधूंनो, आमच्या संघटना, आमच्या समित्या यांचे काय? टीका करणारा माणूस बैठकीला आला की आपल्याला वाटते, याने जोर कमी केला. हांजी हांजी करणारा आला की वाटते, जोर वाढला. आम्ही वीस वर्षे समितीचे काम करतो आणि आम्हीही टीका करणाऱ्याला खाली बसवले आहे, हे कबूल करतो. काकांची तार आमच्याकडून कित्येकदा उलटी जोडली गेली.

जयंतीच्या सभेत

मार्चमध्ये जयंतीची सभा झाली. तरुणांचा आग्रह होता की यंदा डीजे मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट वॅटचा आणू. आम्ही वही काढली. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम फरक कळतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. तेव्हा दुप्पट भाडे देऊन दुप्पट आवाज मिळत नाही, फक्त पावती दुप्पट होते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार ठराविक दिवशी बारापर्यंत सवलत देते तेवढीच.

मुले गप्प बसली नाहीत, आणि बसू नयेच. एक मुलगा उठून म्हणाला, “काका, बाकीच्यांच्या मिरवणुकांना दणका चालतो, आमची जयंती आली की तुमची वही निघते. आमच्या आजोबांना लांब उभे केले, आता आम्ही ऐकवणार.” त्याचे म्हणणे आमच्या काळजाला लागले, कारण काकांच्या बांधापलीकडल्या गोष्टीचे ते दुसरे टोक होते. नियम सर्वांना सारखे हवेत, हे त्याचे म्हणणे रास्तच आहे. आम्ही उत्तर शोधत होतो तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकी बोलल्या. सभेत त्या कधी बोलत नाहीत.

“माका मोठो आवाज नको रे बाबांनू. शब्द व्हये.”

एवढेच. त्यावर कोणी टाळी वाजवली नाही, पण चर्चेची दिशा बदलली. शेवटी ठरले ते असे. मिरवणुकीत डीजे राहील, पण मागच्या वर्षीइतकाच आणि दहाच्या आत बंद. वाढीव भाड्यासाठी काढलेली वर्गणी विहाराची वायरिंग आणि अर्थिंग नीट करायला जाईल. विहाराच्या हॉलमधला गाण्यांचा आणि भाषणांचा कार्यक्रम काकांच्या अँप्लिफायरवर होईल. दहा-दहा वॅटचा तो अँप्लिफायर मैदानाला पुरणार नाही, पण हॉलला पुरतो. स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरवण्याचे काम त्या उठून बोललेल्या मुलाकडे दिले आणि त्याला काकींच्या नातवाने वीस शब्दांची परीक्षा शिकवली.

चौदा एप्रिलला हॉलमध्ये व्हॉल्व्ह तापून तांबूस झाले. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून काकी बसल्या होत्या. आम्ही मुद्दाम मागे जाऊन विचारले, “कळतंय?” त्यांनी हाताने आम्हांला गप्प केले. गाणे संपल्यावर म्हणाल्या, “आता कळतत. तू मधी बोला नको.”

गोव्याच्या माणसाला नकार कळवला. नातवाच्या आईची भीती अजून पूर्ण गेलेली नाही, आणि ती थोडी राहिलेलीच बरी. नातू सध्या आठवड्यातून तीन दिवस कुडाळला मेकॅनिकांकडे जातो. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेले तीन जुने सेट त्याने मोजून, वहीत लिहून हातावेगळे केले आहेत. त्याला पक्की नोकरी अजून नाही. ती यादी आमच्या पुढच्या बैठकीत आहे.

आपल्या घरात कोणी वडीलधारे “आवाज येता, पन कळना नाय” असे म्हणत असेल, तर त्यांच्या वयाला दोष देण्याआधी आपले यंत्र, आपली जागा आणि आपले बोलणे तपासा. चूक कुठे आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!